पंचाहत्तरीनंतर कोलेस्टेरॉलची पहिली गोळी

मुलगा न्यू जर्सीत, आईवडील नाशिकला. तिकडून तो तपासणीचं पॅकेज बुक करतो, सकाळी सातला लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर रिपोर्ट येतो. शहात्तर वर्षांच्या बाबांचं एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १४८, आणि त्यापुढे ठळक अक्षरांत ‘हाय’. बाबांना कसलाही त्रास नाही. बीपीची एक गोळी सोडली तर औषध नाही, सकाळचं फिरणं चुकत नाही. मुलगा म्हणतो, उद्यापासून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करा. आई म्हणते, इतकी वर्षं काही झालं नाही, आता कशाला नवं खूळ.

अशी घरं आता गावोगावी आहेत, आणि दोन्ही बाजूंनी बोलणारे डॉक्टरही सापडतात. त्यांचं चुकतं असं नाही. या वयासाठीचा पुरावाच विरळ आहे. रिपोर्टवरची मर्यादा सव्वीस वर्षांच्या मुलीला आणि शहात्तर वर्षांच्या आजोबांना एकच छापलेली असते.

गोळी म्हणजे बहुतेक वेळा स्टॅटिन गटातलं औषध: ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन. या गटाची सुरुवात जपानमध्ये झाली. अकिरा एंदो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरश्या तपासल्या आणि क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या बुरशीत पहिलं स्टॅटिन त्यांना सापडलं. आपल्या शरीरातलं बरंच कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं. स्टॅटिन त्या कामातलं एक एन्झाइम अडवतं. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागतं आणि ते रक्तातलं एलडीएल जास्त प्रमाणात ओढून घेतं. ही ओढून घेण्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. अनेक घरांत या गोळीला ‘रक्त पातळ करणारी’ म्हणतात, ते खरं नाही. ते काम ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्यांचं. दोन्ही एकाच पाकिटात येतात म्हणून घोळ होतो.

आता मुद्द्याकडे. पहिली विचारणा अशी असते: या माणसाला पूर्वी हार्ट ॲटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास, मेंदूच्या रक्तवाहिनीतल्या गुठळीमुळे आलेला अर्धांगवायू, असं काही झालंय का? झालं असेल तर वय झालं म्हणून गोळी नाकारण्यात अर्थ नाही. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने पाच-साडेपाच वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. तिथे सत्तरीपर्यंतचेच लोक होते. पण २००२ साली ब्रिटनमधल्या २०,५३६ जणांच्या चाचणीत ऐंशीपर्यंतची माणसं घेतली होती, आणि सत्तरीपुढच्यांनाही फायदा झालेला दिसला. तेव्हा स्टेंट बसवून घरी आलेल्या आजीला ‘आता या वयात कशाला’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नये. हे जरा ठासून लिहितोय, कारण स्टेंट बसला म्हणजे दुखणं मिटलं असं समजून ही गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ आहेत. स्टेंट एका जागेचा अडथळा काढतो. बाकीच्या रक्तवाहिन्या होत्या तशाच राहतात. याला अपवाद आहेत. हृदयाचं पंपिंगच क्षीण झालेल्या साठीपुढच्या पाच हजार रुग्णांवर रोझुव्हास्टॅटिन देऊन पाहिलं, तेव्हा २००७ साली आलेल्या निकालात मुख्य अपेक्षित फायदा दिसला नाही.

नाशिकच्या बाबांना मात्र यातलं काहीच झालेलं नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

खास म्हाताऱ्या माणसांसाठी आखलेली पहिली मोठी चाचणी म्हणजे ‘प्रॉस्पर’. स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समधले ७० ते ८२ वयाचे ५,८०४ स्त्री-पुरुष. काहींना आधीच रक्तवाहिन्यांचा आजार होता, बाकीच्यांना बीपी, मधुमेह, धूम्रपान अशी जोखीम होती. निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम प्राव्हास्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सरासरी ३.२ वर्षांनी मोजदाद झाली. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात, यांपैकी काहीतरी झालेले लोक खोट्या गोळीच्या गटात १६.२ टक्के होते, खऱ्या गोळीच्या गटात १४.१ टक्के. म्हणजे शंभरातल्या सोळांच्या जागी चौदा. हृदयविकाराचे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले. पक्षाघात मात्र घटला नाही, आणि एकूण मृत्यूंतही फरक पडला नाही. गट फोडून पाहिले तेव्हा बहुतेक फायदा आधीच आजार असलेल्यांच्या वाट्याला आल्याचं दिसलं. निरोगी वृद्धांत तो इतका बारीक होता की योगायोग म्हणून सोडून देता येईल. शिवाय खऱ्या गोळीच्या गटात कॅन्सरचं निदान जास्त जणांना झालं, २४५ विरुद्ध १९९. या आकड्याने तेव्हा बरीच खळबळ उडाली. पुढे सगळ्या मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर स्टॅटिनमुळे कॅन्सर वाढत नाही हे स्पष्ट झालं. पण व्हॉट्सॲपवर ती जुनी बातमी अजून फिरते.

२०१९ साली २८ चाचण्यांतल्या १,८६,८५४ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात पंचाहत्तरीपुढचे होते १४,४८३, म्हणजे जेमतेम ८ टक्के. ज्या वयात हार्ट ॲटॅक सर्वाधिक येतात, तेच वय चाचण्यांतून बहुतांशी वगळलं गेलं होतं. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हार्ट ॲटॅक, पक्षाघातासारखे मोठे झटके एकूण २१ टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं, आणि आधी आजार असलेल्या वृद्धांनाही हा हिशेब लागू पडला. आधी आजार नसलेल्या पंचाहत्तरीपुढच्या लोकांबद्दल मात्र ठाम बोलता येईल इतका पुरावा निघाला नाही. २०२२ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने तर ७६ आणि त्यापुढच्या निरोगी माणसांत गोळी नव्याने सुरू करावी की नाही, हे सांगायला पुरावा अपुरा असल्याचं लिहून दिलं. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने इतक्या मोकळेपणी हात वर करणं मला तरी आवडलं. ही उणीव भरून काढायला दोन मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या, ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्यांसाठी ‘स्टारी’ आणि अमेरिकेत पंचाहत्तरीपुढच्यांसाठी ‘प्रिव्हेंटेबल’. दोन्हींत ॲटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम. त्यांत हार्ट ॲटॅकइतकंच महत्त्व आहे ते माणूस डिमेन्शियाशिवाय, स्वतःच्या पायांवर किती दिवस जगतो याला. म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तोही हेच आधी सांगेल.

पुरावा अपुरा म्हणून निर्णय थांबत नाही. मग हिशेब कसा मांडायचा? माझ्या मते एलडीएलच्या आकड्याआधी वेळेचा विचार करावा. एलडीएल काही आठवड्यांत उतरतं, पण रक्तवाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर निबर व्हायला आणि फुटेनासा व्हायला वेळ लागतो. २०२१ साली आठ चाचण्यांतल्या ६५,३८३ लोकांची आकडेमोड झाली. वय ५० ते ७५, पूर्वी हृदयविकार नाही. अशा शंभर जणांनी गोळी घेतली तर त्यांतल्या एकाचा मोठा झटका टळायला सरासरी अडीच वर्षं लागतात, असं उत्तर निघालं. सत्तरीतला शेतकरी हापूसचं कलम लावताना फळ कधी धरेल याचा अंदाज बांधतोच. इथेही तेच करायचं. शहात्तरचे बाबा झपझप चालतात, वजन टिकून आहे, स्मरण शाबूत आहे, तर त्यांच्यापुढे अडीच वर्षांहून बराच जास्त काळ आहे असं धरून चालायला हरकत नाही. त्याच वयाच्या दुसऱ्या गृहस्थांचं वजन सहा महिन्यांत घटलंय, खुर्चीतून उठायला हात लागतो, दिवसाला नऊ गोळ्या आहेत. त्यांच्यासाठी दहावी गोळी हा वेगळाच प्रश्न होतो. दोघांच्या जन्मतारखा एकच असल्या तरी.

वेळ कमी असतो, हे म्हातारपणाचं एक अंग झालं. दुसरं अंग गोळीच्या बाजूचं आहे. वयाबरोबर झटक्याचा धोका इतका वाढतो की तेवढ्याच टक्के घटीतून जास्त माणसं वाचतात. कोपनहेगनमधल्या ९१,१३१ लोकांच्या पाहणीवरून २०२० साली असा अंदाज मांडला गेला: पाच वर्षांत एक हार्ट ॲटॅक टाळायला पन्नाशीतल्या ४३९ जणांना गोळी द्यावी लागेल, सत्तरीतल्या १४५ जणांना, आणि ऐंशीपुढच्या फक्त ८० जणांना. ही पाहणी आहे, औषध देऊन केलेली चाचणी नव्हे. गोळी म्हाताऱ्यांतही तेवढीच लागू पडते असं त्यात गृहीत धरलंय. तरीही ‘या वयात काय उपयोग’ या वाक्याची हवा ती बरीच काढून घेते.

‘कोलेस्टेरॉल कमी असलेले म्हातारे लवकर जातात’ हेही ऐकू येतं. पाहण्यांत असं दिसतं खरं. पण कार्यकारण बरेचदा उलटं असतं: दडलेला आजार, कुपोषण, अशक्तपणा यांनी कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं. काही न करता एलडीएल एकाएकी घसरलं तर आनंद मानण्याऐवजी कारण शोधावं.

आपल्याकडे अजून एक गोष्ट धरावी लागते. बावन्न देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट ॲटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला आढळला. त्यांचं मधलं वय ५३. म्हणून पंचाहत्तरीपर्यंत झटक्याविना पोचलेला मराठी माणूस एका अर्थी चाळणीतून पार पडलेला असतो. याचा अर्थ त्याच्या रक्तवाहिन्या स्वच्छ असतीलच असं नाही. शंका असेल तर हृदयाचा साधा सीटी करून रक्तवाहिन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा स्कोअर काढता येतो. त्या वयात तो शून्य आला तर गोळी लांबणीवर टाकायला चांगला आधार मिळतो.

त्रासाबद्दल सर्वांत जास्त भीती स्नायूंच्या दुखण्याची. ब्रिटनमधल्या ‘सॅमसन’ या छोट्या चाचणीत दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेले साठ जण घेतले. त्यांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी आणि काही महिने रिकामी डबी, असं उलटसुलट दिलं, आणि रोजचा त्रास फोनवर नोंदवायला सांगितलं. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास होता, त्यातला ९० टक्के खोट्या गोळीतही होता. दुखणं खोटं नव्हतं, पाय खरोखर दुखत होते. कारण मात्र बहुतेक वेळा औषधात नव्हतं. हे निकाल दाखवल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. आजोबांचे गुडघे आधीपासूनच दुखतात, आणि गोळी सुरू झाल्यावर त्या दुखण्याला नाव मिळतं, एवढंच बऱ्याचदा होतं.

तरी खरे धोके आहेत. साखर थोडी वाढते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना ते पलीकडे ढकलू शकतं. स्नायू विरघळण्याचा गंभीर प्रकार अतिशय दुर्मीळ, पण लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल त्यामुळेच वाढलेलं असू शकतं आणि स्नायूंचा त्रासही जास्त होतो, म्हणून स्टॅटिनआधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घेतलेली बरी. रोझुव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण आशियाई लोकांत गोऱ्यांच्या साधारण दुप्पट होतं. अमेरिकेतल्या औषधपत्रकात आशियाई रुग्णांसाठी ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगितलंय. आणि डोस दुप्पट केला तरी एलडीएल फक्त सहा टक्क्यांच्या आसपास जास्त उतरतं, तेव्हा म्हातारपणी मोठ्या डोसची घाई नको. नायट्यासाठी सर्रास दिलं जाणारं इट्राकोनाझोल आणि छातीच्या संसर्गासाठीचं क्लॅरिथ्रोमायसिन यांच्याबरोबर सिम्व्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन रक्तात साचतात. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.

गोळी सुरू केली म्हणजे ती शेवटपर्यंत, असंही नाही. अमेरिकेत ३८१ गंभीर आजारी लोकांवर, ज्यांचं आयुष्य वर्षभराच्या आत उरलं होतं, एक चाचणी झाली. सरासरी वय ७४. काहींची स्टॅटिन थांबवली, काहींची चालू ठेवली. दोन महिन्यांतल्या मृत्यूंत ठळक फरक पडला नाही, आणि थांबवलेल्यांना एकंदर बरं वाटत होतं. शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सकाळच्या मूठभर गोळ्या गिळवताना घरच्यांची आणि त्याचीही दमछाक होते. त्यातली ही एक कमी करता येईल का, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारायला हरकत नसते.