घारापुरीच्या घरांवर सौरवीज: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत

फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकली गेली, तेव्हा कुठे मुंबईजवळच्या घारापुरी (एलिफंटा) बेटाच्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन गावांत चोवीस तासांची वीज पोचली. आता त्याच घरांच्या छतांवर ऊन फुकट पडतंय. ते वापरायचं असेल तर केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेतून अर्ज करता येतो. ही योजना सध्या २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

पात्रतेच्या अटी सोप्या आहेत. अर्जदार भारतीय नागरिक हवा, घर स्वतःचं हवं, छत पॅनेल बसवण्याजोगं हवं, महावितरणची जोडणी चालू हवी आणि सौर पॅनेलसाठी पूर्वी अनुदान घेतलेलं नसावं. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. झाडाची फांदी दुपारी छतावर येत असेल तर आधी तिचा विचार करा.

कागदपत्रांत मात्र एक गाठ नेहमी बसते, ती म्हणजे बिलावरचं नाव. वडील वारले तरी बिल त्यांच्याच नावावर येत असेल तर आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज द्या आणि मगच योजनेच्या पोर्टलवर (संकेतस्थळावर) जा. बिलावरचं, आधारवरचं आणि बँक खात्यावरचं नाव एकच असलं की अनुदान अडकत नाही. याखेरीज लागतं ते एवढंच: ताजं वीजबिल (त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक), मोबाइल क्रमांक, आधार, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, घरपट्टीची पावती आणि छताचा फोटो.

पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी होते. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, तो मंजूरच धरला जातो. पुढे यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडायचा आणि त्याच्याशी लेखी करार करायचा. माझ्या मते बेटावरच्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. पॅनेल आणि लोखंडी सांगाडा लाँचने आणायचा, धक्क्यावर उतरवायचा आणि वर वाहून न्यायचा खर्च दरपत्रकात धरलाय का, हे लिहून घ्या. खारं वारं साधं लोखंड दोन पावसाळ्यांत खातं. म्हणून गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि मिठाच्या धुक्याची चाचणी झालेले पॅनेल मागा. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे नसतील तर अनुदान मिळत नाही. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते. बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांत बेटावर येईल, तेही करारात येऊ द्या.

लेण्यांच्या जवळ घर असेल तर आणखी एक पायरी आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. या हद्दीत सांगाडा उभारण्याआधी पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा.

पॅनेल बसल्यावर विक्रेता पोर्टलवर तपशील आणि फोटो चढवतो, महावितरणचा माणूस तपासणी करून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लावतो आणि कार्यान्वयनाचा दाखला निघतो. त्यानंतर बँक खात्याची माहिती भरली की साधारण ३० दिवसांत अनुदान जमा होतं. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. (लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारला दहा टक्के जास्त मिळतं. घारापुरी महाराष्ट्रात असल्याने तिला नेहमीचाच दर.) हाताशी रोख नसेल तर ३ किलोवॅटपर्यंत बिनतारण बँक कर्जाची सोय आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, पावसाळ्यात कमी. उरलेले युनिट पुढच्या बिलात वळते होतात आणि मार्चअखेर शिल्लक राहिले तर महावितरण ते ठरलेल्या दराने विकत घेतं.

एक गोष्ट विक्रेते पटकन सांगत नाहीत. केबलमधून येणारी वीज गेली की बॅटरी नसलेला सौर संच भर उन्हातही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी रचना करावीच लागते. वीज गेल्यावरही फ्रिज आणि दिवे चालू राहायला हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि लाइन तिन्हींवर चालणारा) आणि बॅटरी घ्यावी लागेल. बॅटरीचा खर्च अनुदानात धरला जात नाही.

वाऱ्याचं काय, असं पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण ऊन कमी असतं त्या आषाढ-श्रावणातच वारं सुटतं. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांचं नावही 'छतावरील अक्षय ऊर्जा' असं आहे, नुसतं 'सौर' नाही. पण सूर्यघरचं अनुदान पवनचक्कीला लागू नाही. शिवाय वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर त्यातली ऊर्जा आठव्या हिश्शावर येते, त्यामुळे डोंगराच्या आडोशाला, झाडांमध्ये असलेल्या घराला छोटी पवनचक्की परवडत नाही. समुद्राकडे मोकळी, उंच जागा असेल तर वर्षभर वाऱ्याचा वेग मोजून घ्या आणि मगच महावितरणच्या कार्यालयात जोडणीबद्दल विचारा.