लष्करची गायकी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंदे दरबाराच्या आश्रयाने वाढलेली आणि मुसलमान खाँसाहेबांकडून मराठी घरांत उतरलेली ख्यालगायनाची परंपरा. ख्यालाच्या घराण्यांत ग्वाल्हेर घराणे सर्वांत जुने मानतात. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची पडली, तेच हे लष्कर. छावणीबरोबर आलेले सरदार, कारकून, पुराणिक आणि कीर्तनकार इथलेच होऊन राहिले.

घराण्याचे मूळपुरुष नत्थन पीरबख्श लखनौहून आले. त्यांचे वंशज हद्दू, हस्सू आणि नत्थू खाँ यांनी दरबारात नाव काढले. त्या काळचे नामी गवई बडे महंमद खाँ यांची तानबाजी (वेगवान स्वरमालिका) हद्दू-हस्सूंनी पडद्याआड बसून ऐकली आणि गळ्यात उतरवली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुढची गोष्ट तिच्याहून मोठी आहे. एवढ्या कष्टाने मिळवलेली विद्या या खाँसाहेबांनी परक्यांना मोकळ्या हाताने दिली. वासुदेवबुवा जोशी आणि देवजीबुवा परांजपे हे हस्सू खाँचे शागीर्द.

या परंपरेचा जीव पाहायचा तर पंडितांच्या घरात पाहावा. विष्णुपंत पंडित हे कीर्तनकार. खाँसाहेबांशी त्यांचा स्नेह होता आणि त्यांची मुले शंकरराव व एकनाथ यांना तालीम मिळाली ती या स्नेहातून. १८८६ मध्ये जयाजीराव शिंदे वारले. त्यानंतर दरबारी आधार सुटलेले, नत्थू खाँचे दत्तक पुत्र निसार हुसेन खाँ शंकररावांच्या घरी राहायला आले. उस्तादाच्या दारी शिष्याने राहावे, ही रीत. इथे उस्तादच शिष्याच्या घरचा माणूस झाला. सोवळ्या-ओवळ्याच्या त्या काळात एका ब्राह्मण घराने खाँसाहेबांना आपले म्हटले आणि खाँसाहेबांनी आपली सगळी चिजांची, म्हणजे बंदिशींची, पोतडी त्या घरात रिती केली. घराण्याचा वारसा रक्ताने जातो, हे म्हणणे इथे टिकत नाही. १८९३ मध्ये याच घरात जन्मलेल्या कृष्णराव पंडितांच्या कानावर वडिलांचा आणि खाँसाहेबांचा स्वर लहानपणापासून पडत होता. १९१४ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने ग्वाल्हेरला शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. १९८९ मध्ये ते वारले. मुलगा लक्ष्मणराव आणि नात मीता यांनी ही गायकी पुढे चालवली.

दुसरा धागा दक्षिणेकडे गेला. वासुदेवबुवांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) दम्याच्या त्रासामुळे मिरजेकडे येऊन राहिले. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळे दुखावल्यामुळे उपचारासाठी मिरजेला आला आणि बुवांच्या हाताखाली गाणे शिकू लागला. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि ओंकारनाथ ठाकूर हे त्यांचे शिष्य. लष्करात रुजलेले गाणे असे दोन आजारांच्या योगाने गावोगाव पोचले.

खुद्द ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या सल्ल्याने १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उघडले. राजाभैया पूछवाले (१८८२–१९५६) हे शंकररावांचे शिष्य. ते तिथे शिकवू लागले आणि पुढे प्राचार्य झाले. घरातली तालीम वर्गात आली, वहीत स्वरलिपी उतरली. त्यात गळ्याची जवळीक थोडी उणावली हे खरे, पण कित्येक चिजा त्या वह्यांमुळेच वाचल्या.

ही गायकी कानाला चटकन ओळखू येते. गवई लांबलचक आलापात रेंगाळत नाही. आधी अस्थायी आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचे पहिले व दुसरे कडवे, पूर्ण म्हणतो, बंदिशीचा चेहरा समोर ठेवतो, मगच विस्ताराला हात घालतो. लय मध्य-विलंबित, ताल तिलवाडा किंवा झुमरा, आवाज मोकळा आणि जोरकस. यमन, भूप, अल्हैया बिलावल असे सर्वांच्या ओळखीचे राग घ्यायचे आणि तेच नव्याने उघडून दाखवायचे. त्यात बोलआलाप (बंदिशीचे शब्द घेऊन केलेला आलाप), बहलावा, बोलतान (शब्दांसह घेतलेली तान) आणि मग वरच्या षड्जावरून सरळ खाली धावत येणारी सपाट तान. ख्यालानंतर चपळ तानांचा टप्पा किंवा अर्थहीन बोलांचा तराणा. बहलाव्यात स्वर एकमेकांत मिसळत झुलत खाली येतात आणि अस्थायीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, धरून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, टेकतात. त्या टेकण्यावर ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते.