कराचा दर कोडमध्ये नको, टेबलात हवा

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. कपड्यांचंच घ्या. आधी १,००० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८. म्हणजे दराबरोबर मर्यादाही सरकली. ज्या ऑनलाइन दुकानाच्या कोडमध्येच ‘१,००० च्या वर १२’ असं लिहिलेलं असतं, तिथे तो आकडा कार्ट, बिल, रिटर्न, विक्रेत्याचा रिपोर्ट असा ठिकठिकाणी पसरलेला असतो. एखादी जागा बदलायची राहून जाते आणि ग्राहकाला कार्टमध्ये एक रक्कम दिसते, बिलावर दुसरी.

म्हणून दर डेटाबेसच्या टेबलात ठेवावा: एचएसएन कोड (वस्तूचा वर्गीकरण क्रमांक), किमतीची खालची आणि वरची मर्यादा, दर, कधीपासून, कधीपर्यंत. यातले तारखांचे दोन रकाने सगळ्यात मोलाचे. दर बदलला तरी जुनी ओळ पुसायची नाही. तिला शेवटची तारीख लावायची आणि नवी ओळ घालायची. ऑगस्टमध्ये विकलेला १,८०० चा शर्ट ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) १२ टक्क्यांनीच काढावी लागते. लागलेला दर बिलातही नोंदवून ठेवावा, म्हणजे जुनं बिल उघडताना तो नव्याने शोधावा लागत नाही.

पण तारीख कुठली धरायची? दर बदलतो तेव्हा केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४ पुरवठा, बिल आणि पैसे मिळणं या तिन्हींच्या तारखा पाहतं. त्यामुळे कर काढणाऱ्या फंक्शनने (कोडमधल्या त्या तुकड्याने) ‘आज’ची तारीख स्वतः घेऊ नये, तारखा त्याला बाहेरून द्याव्यात. मग नवे दर लागू होण्याच्या आठवडाभर आधीच पुढची तारीख घालून चाचणी करता येते.

सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तारीख यूटीसीने पाहिली तर दर बदलण्याच्या दिवशी पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरना जुनाच दर लागतो. कराचे दर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) चोवीस तास राहत असतील तर घोळ दिवसभर चालतो.

सवलतीचा क्रमही नीट पाहा. कराआधी २,६०० चा शर्ट, त्यावर दुकानाचं २०० चं कूपन. आधी कूपन वजा केलं तर २,४०० वर ५ टक्के, कर १२० रुपये. दर आधी ठरवून मग कूपन वजा केलं तर १८ टक्क्यांनी ४३२. कर विक्रीच्या किमतीवर ठरतो, त्यामुळे पहिलाच क्रम बरोबर. नेमकी २,५०० किंमतही तपासा. तिला ५ टक्केच लागतात.

तरीही सगळंच टेबलात ढकलू नये. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीचं होण्याची उलाढाल-मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी होती; ती १००, ५०, २०, १० करत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. असा आकडा टेबलातच शोभतो. कूपन आधी की कर आधी, हा क्रम मात्र कोडमध्येच असावा आणि त्याला स्वतःची चाचणी असावी. तो सेटिंगमध्ये ठेवला, तर कोणीतरी एका क्लिकवर तो उलटा करू शकतो आणि त्या दिवसाची सगळी बिलं चुकतात.