पाया कच्चा म्हणून ही मुलं गळतात?

गरीब घरांतली आणि अल्पसंख्य समाजांतली मुलं विज्ञान-अभियांत्रिकीतून गळतात ती पाया कच्चा असल्यामुळे, त्यांना सोप्या उजळणीचे जादा तास द्यावेत, हा समज अमेरिकेत अनेक दशकं फिरतो आहे. खरं तर 1970च्या दशकातच त्याला तडा गेला होता.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे विज्ञान-अभियांत्रिकीला लागणाऱ्या गणिताच्या विषयात, कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास होत. प्राध्यापकांची उत्तरं तयार होती: जिद्द नाही, तयारी नाही, घरचा पाठिंबा नाही, पैसा नाही. गणितज्ञ उरी ट्राइसमन यांनी ही मुलं अभ्यास कसा करतात तेच जवळून पाहिलं. चारही कारणं टिकली नाहीत. शाळेत चमकलेली मुलंही इथे आपटत होती. फरक दुसरीकडेच होता. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. कृष्णवर्णीय विद्यार्थी तासन्‌तास राबत, पण एकटे. अडलं तर आपलंच अडलंय की सगळ्यांचं, हे कळणार कसं?

ट्राइसमन यांनी उजळणी वर्ग काढले नाहीत. गटात सोडवायला मुद्दाम अवघड गणितं दिली, आणि निकाल पालटले. (मदत म्हणून सोपं करून देणं कधीकधी अपमानच असतो.)

अर्थात, नोकरी करून शिकणाऱ्याला गटात बसायला वेळ हवा, त्यासाठी शिष्यवृत्ती लागतेच. शिकवण्याची पद्धतही बदलावी लागते: 225 अभ्यासांच्या 2014मधल्या एकत्रित विश्लेषणात नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सुमारे 34 टक्के विद्यार्थी नापास झाले होते, वर्गातच प्रश्न सोडवायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे 22 टक्के.