राष्ट्राच्या निमित्ताने करवून घेतलेले संगीत : पार्श्वभूमी

एखाद्या राष्ट्राचा इतिहास आणि ओळख नव्या संगीतातून मांडण्यासाठी संगीतकारांकडे रीतसर काम सोपवण्याची प्रथा युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळली. लोकवर्गणीतून उभारलेले प्रागचे राष्ट्रीय नाट्यगृह १८८१ मध्ये दंतकथेतल्या चेक राणीवरील ऑपेराने उघडले. तो ऑपेरा अशाच एखाद्या राष्ट्रीय प्रसंगासाठी अनेक वर्षे राखून ठेवलेला होता. त्या काळात राष्ट्राचा भूतकाळ कोणता, याविषयी रचना मागवणारा आणि रचणारा यांच्यात सहसा मतभेद नसे.

विसाव्या शतकात मात्र मागवलेली रचना हाती आल्यावर यजमानच अडचणीत येऊ लागले. १९४० मध्ये जपानने आपल्या राज्यस्थापनेच्या २,६०० व्या वर्षानिमित्त परदेशी संगीतकारांकडून रचना मागवल्या. त्यांतील एका तरुण ब्रिटिश संगीतकाराच्या सिंफनीतील भागांना ख्रिस्ती मृत्युप्रार्थनेतली लॅटिन नावे असल्याने ती नाकारण्यात आली आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये प्रथम वाजली. ब्रिटनमध्ये १९५१ च्या राष्ट्रीय महोत्सवासाठी ऑपेरांची स्पर्धा झाली. प्रवेशिका टोपणनावाने आलेल्या असल्यामुळे, नावे उघड झाली तेव्हा निवडलेल्या चौघांपैकी दोघे नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून आलेले निघाले. एका ऑपेराचा विषय १३८१ चे शेतकरी बंड हा होता. चारांपैकी एकही ऑपेरा त्या महोत्सवात रंगमंचावर आला नाही आणि शेतकरी बंडावरील ऑपेराचा पहिला प्रयोग १९५३ मध्ये पूर्व जर्मनीतील लाइपझिगला झाला. स्वतःच्याच इतिहासातील बंडावर रचलेली, स्वतःच निवडलेली कलाकृती दुसऱ्या देशाने आधी रंगमंचावर आणावी, ही त्या निवडीमागच्या धोरणाची नामुष्कीच म्हणावी लागेल.

या साऱ्या प्रश्नांची सर्वांत खोल चर्चा कॅनडात झाली. महासंघाच्या, म्हणजे प्रांत एकत्र येऊन कॅनडा हे राष्ट्र बनल्याच्या, शताब्दीनिमित्त १९६७ मध्ये टोरांटोत लुई रिएल यांच्यावरील ऑपेरा सादर झाला. मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या मेटी समाजाचे हे नेते सरकारविरुद्ध उभे राहिले आणि १८८५ मध्ये फासावर गेले. राष्ट्राच्या उत्सवासाठी त्याच राष्ट्राने फाशी दिलेला नायक निवडणे आणि संहितेत इंग्रजी व फ्रेंचसोबत क्री या मूळनिवासी भाषेलाही स्थान देणे, हे त्या वेळी निश्चितच धाडसाचे होते.

तिसऱ्या अंकाच्या आरंभी रिएल यांची पत्नी बाळाला जोजवताना जे गाते, त्याची चाल मात्र मेटी किंवा क्री समाजाची नव्हती. वायव्य किनाऱ्याकडील नास नदीच्या खोऱ्यातले, निस्गा लोकांचे ते शोकगीत होते. १९२७ मध्ये संग्राहकांनी ते ध्वनिमुद्रित केले, त्याचे स्वरलेखन छापले गेले आणि त्या छापील पानावरून संगीतकाराने चाल उचलून तिच्यावर क्री शब्द बसवले. निस्गा कायद्यानुसार गीतावर विशिष्ट घराण्याचा हक्क असतो आणि शोकगीत भलत्या प्रसंगी गाणे गाणाऱ्यालाही अपायकारक मानले जाते. म्हणजे मृत सरदारासाठीचे गीत अंगाई झाले, तेही वेगळ्या समाजाच्या तोंडी आणि मालकांच्या परवानगीवाचून. संगीतकाराचा हेतू आदराचा होता आणि त्या काळी छापील लोकसंगीत खुलेच समजले जाई, असा बचाव पुढे केला जातो. तो हेतूपुरता खरा असला, तरी हक्काच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, कारण ज्या समाजाची परवानगी घ्यायची होती तो तेव्हाही तिथेच नांदत होता आणि त्याला विचारणे अशक्य नव्हते.

२०१७ मध्ये, महासंघाच्या दीडशेव्या वर्षी, याच ऑपेराची नवी निर्मिती झाली. तिच्यात मूळनिवासी कलावंतांचा मूक समूह रंगमंचावर होता आणि मेटींच्या मिचिफ भाषेलाही जागा मिळाली. ते गीत मात्र तेव्हाही गायले गेले. निस्गा प्रतिनिधींनी आपला आक्षेप उघडपणे मांडल्यावर ते वगळण्याचे ठरले. मूळ संगीतकार १९९९ मध्येच निवर्तले असल्याने त्यांच्या वारसांची संमती लागली. त्या जागी एका मेटी संगीतकाराकडून नवे अंगाईगीत रचून घेण्यात आले. गाजलेल्या कलाकृतीत असा फेरफार करणे काही अभ्यासकांना इतिहास पुसण्यासारखे वाटते. परंतु जे गीत मुळात त्या कलाकृतीच्या मालकीचे नव्हते, ते परत करण्याने कलाकृतीचे काही हिरावले जात नाही.

दरम्यान, त्याच वर्षी देशभरातील वाद्यवृंदांसाठी दोन-दोन मिनिटांच्या अनेक नव्या रचना करवून घेण्यात आल्या. एका भव्य कथेऐवजी अनेकांना थोडीथोडी जागा देण्याचा हा मार्ग वादाला कमी वाव देतो, पण रिएल यांच्यासारख्या विषयाला दोन मिनिटे पुरत नाहीत. १९७५ च्या वॉशिंग्टन येथील प्रयोगाचे ध्वनिमुद्रण आजही संग्रहांत आहे आणि त्यात ते शोकगीत जसेच्या तसे ऐकू येते. त्याचे काय करावे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार निस्गा घराण्याचा आहे.