स्वच्छ (पुण्यातली कचरावेचकांची सहकारी संस्था)

स्वच्छ ही पुण्यात घरोघरी जाऊन कचरा गोळा करणाऱ्या कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे. नावाचा अर्थ तर सरळच आहे, पण ते सॉलिड वेस्ट कलेक्शन अँड हँडलिंग याचं छोटं रूपपण आहे. २००७ मध्ये संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार झाला. महापालिकेला कचऱ्याचं काम सुधारायला बाहेरून मदत म्हटलं की लोकांना कन्सल्टंट, मशीन, मोठे प्लांट आठवतात, इथे मात्र मदत करणाऱ्या बायका त्याच होत्या ज्या आधीपासून कचराकुंडीत हात घालून शहराचा माल वेगळा काढत होत्या, आणि या नोंदीत सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर हेच.

यातल्या बहुतेक बायका दलित समाजातल्या, बऱ्याच जणींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेली. शेत नाही, दुसरं काम मिळत नाही, मग पाठीवर पोतं घेऊन कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचायचं आणि भंगारवाल्याकडे विकायचं. १९९० च्या आसपास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा या बायकांशी संबंध आला. शिकवायला गेल्या आणि लक्षात आलं की अक्षरांच्या आधी कामाचा प्रश्न आहे. कुंडीत सगळं एकत्र कालवलेलं असतं, तेच लोकांनी घरातच ओला-सुका वेगळा करून दिला तर हात कापणार नाहीत, मालही चांगला मिळेल. मे १९९३ मध्ये ८०० हून जास्त कचरावेचक एकत्र आले आणि कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली. पुढे महापालिकेने संघटनेमार्फत ओळखपत्रं दिली, आता हे किरकोळ वाटेल पण ज्या बाईला रस्त्यात पोलीस चोर समजून अडवायचे तिच्या गळ्यात महापालिकेचं कार्ड आलं, हा फरक खूप मोठा होता.

पंचायतीने केलेली आणखी एक गोष्ट म्हणजे आपल्या कामाचा हिशोब मांडला. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात दिसलं की पुण्यातले कचरावेचक मिळून रोज १४४ टन माल कचरा डेपोत जायच्या आधीच वेगळा काढतात आणि एकेक कचरावेचक महापालिकेला महिन्याला २४६ रुपयांचं काम फुकट करून देतो. हे आकडे हातात आल्यावर बोलणी दयेवर राहिली नाहीत, मोबदल्यावर आली.

आता काम कसं चालतं ते. दोघी-दोघींची जोडी, एक ढकलगाडी, ठरलेली घरं. सकाळी दारातून ओला वेगळा आणि सुका वेगळा घ्यायचा, घरटी महिन्याची फी थेट कचरावेचकाला मिळते, सुका माल पुन्हा बारीक वर्गीकरण करून विकायचा आणि ते पैसेही तिचेच. उरलेला कचरा ठरलेल्या पॉइंटवर महापालिकेच्या गाडीत जातो. म्हणजे जितकं वर्गीकरण चांगलं तितकी तिची कमाई जास्त आणि डेपोत जाणारा कचरा कमी, दोन्ही गोष्टी एकाच दिशेने जातात, आणि वजनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराच्या पद्धतीत नेमकं हेच होत नाही, तिथे गाडी जितकी जड तितकं बिल मोठं. जिथे हा कचरा नेऊन टाकला जायचा त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या कचऱ्याचा वास वर्षानुवर्षं सोसला, गाड्या अडवल्या, त्यांच्यासाठी डेपोत न गेलेला एकेक टन महत्त्वाचा आहे.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचा प्रश्न सगळ्यात वाईट, कारण ते उघडेच पिशवीत येतात आणि वेगळे हाताने काढावे लागतात. त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम आली, पॅड कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. वापरलेले पॅड पोत्यात भरून कंपन्यांना परत पाठवण्यापर्यंतही या बायका गेल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत गुंडाळायची पिशवी द्यायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, त्याच नियमांत घराघरात वर्गीकरण सक्तीचं केलं, आणि दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा असंही सांगितलं.

ओला कचरा खत करून जिरवणं अवघड नाही, नीट केलं तर. खताच्या खड्ड्यात, म्हणजे पिटात, खाली वाळकी पानं किंवा नारळाच्या शेंड्या, वर ओला कचरा, वर पुन्हा पानं, थोडं जुनं खत किंवा ताक विरजण म्हणून. वास येतोय म्हणजे ओल जास्त झाली, पानं घाला आणि हलवा, चिलटं झाली तर वरचा थर जाड करा. आमच्या सोसायटीत पहिले दोन महिने पिट कुजून वास सुटला होता, सगळे बंद करा म्हणत होते, शेवटी कचरा घेणाऱ्या मावशींनीच सांगितलं की पानं जाळू नका, पिटात टाका, आणि खरंच वास गेला.

पुण्याबाहेर वेंगुर्ल्याचं नाव घ्यायलाच हवं, तिथल्या नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचऱ्याचा डेपो इतका साफ केला की तो बघायला लोक यायला लागले, बायोगॅस आणि प्लॅस्टिक बारीक करून रस्त्यात वापरणं दोन्ही तिथेच. पणजीनेही अनेक प्रकारांत वर्गीकरण करून चांगलं काम केलंय.

शाळांमध्ये हीच पद्धत छोट्या मापात बसते. आधी एक आठवडा रोजचा कचरा वजन करून वहीत लिहायचा, मुलंच करतात आणि आवडीने करतात. बहुतेक ठिकाणी दोनच ढीग मोठे निघतात, डब्यातलं आणि पोषण आहाराचं उरलेलं अन्न, आणि कागद. अन्न बागेतल्या खड्ड्यात, कागद कोरडा ठेवून भागातल्या कचरावेचक ताईंना. कागद भिजला की त्याचा भाव पडतो म्हणून वर्गात एक वेगळी पेटी ठेवायची आणि त्यात डबा सांडू द्यायचा नाही, आणि वार्षिक परीक्षेनंतर रद्दी खूप निघते तेव्हा ताईंना चार दिवस आधी सांगून ठेवायचं, म्हणजे त्या जास्तीची गाडी घेऊन येतात.