'गोपनीय' शिक्का म्हणजे गुपितांचा कायदा नव्हे

माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, हे आता खान्देशात गावोगाव माहीत आहे. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांची मुदत. त्यात वेळ घालवत नाही. मला चीड येते ती उत्तरातल्या एका ओळीची: 'सदर कागदपत्र गोपनीय असल्याने देता येत नाही.'

रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याला वादळाच्या पंचनाम्याची नक्कल मागितल्यावर हेच लिहून आलं. जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवून तो हळूच म्हणाला, "भाऊ, आत तर नाही ना टाकणार?"

नाही टाकणार. शिक्का ही कार्यालयाची आपसातली खूण आहे: लिफाफा कोणी फोडायचा, फाईल कोणाच्या टेबलावर जायची. माहिती नाकारायची तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 किंवा 9 मधलं नेमकं कारण लिहावं लागतं, आणि अपिलात तो नकार योग्य ठरवण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याचीच. 'शिक्का होता' हे कारण त्या कलमांत कुठेही नाही.

गुपितांचा कायदा म्हणजे 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट; तो वेगळा. तो हेरगिरी आणि देशाच्या सुरक्षेची गुपितं यांच्यासाठी. वरणगावची दारूगोळा फॅक्टरी त्यातल्या 'निषिद्ध जागे'त बसते, पोलीस ठाणं बसत नाही. वर्ध्यात ठाण्यात चित्रीकरण केलं म्हणून लावलेला या कायद्याखालचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये रद्द केला. शिवाय दोन कायद्यांत विसंगती आली तर माहिती अधिकार वरचढ, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम 22 1923 च्या कायद्याचं नाव घेऊन सांगतं. राफेल विमानांच्या खरेदीचे कागद वर्तमानपत्रात आले तेव्हाही, गुप्त शेऱ्याचे कागद छापण्यापासून रोखण्याचा अधिकार 1923 च्या कायद्याने सरकारला दिलेला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2019 ला सांगितलं.

धोका आहे तो फाईल परस्पर बाहेर देणाऱ्या कर्मचाऱ्याला. 1923 च्या कायद्यातल्या कलम 5 चं जाळं रुंद आहे: गुप्त माहिती देणारा आणि जाणूनबुजून घेणारा दोघेही त्यात येतात, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये झाला, पण अजून अंमलात आलेला नाही. म्हणून कोणी क्लार्क "फोटो पाठवतो" म्हणाला तर मी ठाम नको म्हणतो. फाईल क्रमांक सांगा, कागद आम्ही रीतसर मागू.

त्या शेतकऱ्याच्या पहिल्या अपिलात एकच प्रश्न लिहिला: नकार कोणत्या कलमाखाली?